तारेला भिडलेलं झाड: पाहणीपासून लागवडीपर्यंत

नाशिकमध्ये एप्रिल-मे आला की महावितरणची मान्सूनपूर्व देखभाल सुरू होते. सकाळी वीज जाते, शिडीची गाडी येते आणि कॉलेज रोडपासून सिडकोच्या गल्ल्यांपर्यंत तारेखालच्या फांद्या भराभर उतरतात. एवढं करूनही पहिल्या वळवाला फीडर ट्रिप होतो आणि पुढच्या मे महिन्यात त्याच झाडाला त्याच उंचीवर पुन्हा कोयता लागतो. याचं कारण तोडण्याच्या पद्धतीत आहे. फांदी मधेच आडवी तोडली की उरलेल्या ठोंबावर सालीखाली झोपलेले डोळे एकदम फुटतात. एका फांदीच्या जागी सरळसोट फोकांचा झुबका येतो. हे फोक झपाट्याने तारेपर्यंत पोचतात, आणि त्यांचा जोड सालीपुरता, वरवरचा असल्याने वाऱ्यात तेच आधी मोडून तारेवर पडतात.

पुढची कृती सोसायटीच्या कमिटीसाठी, बंगल्याच्या मालकांसाठी आणि आपल्या गल्लीतल्या झाडांवर जीव असलेल्या कुणासाठीही आहे. यात तुम्ही करायचं ते पाहणी, अर्ज, कामाच्या दिवशी हजेरी आणि पुढच्या वर्षभराची काळजी. तारेजवळची फांदी कापणं हे तुमचं काम नाही, नेहमीच्या माळीकाकांचंही नाही. ओली फांदी, लोखंडी शिडी, आंबे उतरवायचा अ‍ॅल्युमिनियमच्या दांड्याचा झेला यांपैकी काहीही तारेला लागलं तर ते हातात धरलेल्या माणसातून वीज जमिनीत उतरते. तारेला प्रत्यक्ष स्पर्श झालाच पाहिजे असंही नाही. ११ केव्हीची तार पुरेशी जवळ आली तर मधल्या हवेतूनही झटका बसतो.

आधी तार ओळखा

गच्चीवर जाऊ नका, रस्त्यावर उभं राहून वर पाहा. खांबावर छोट्या चिनीमातीच्या चिमण्यांवर एकाखाली एक चार-पाच तारा असतील आणि त्याच खांबाला रस्त्यावरचा दिवा असेल, तर ती बहुधा लघुदाब वाहिनी. वर लोखंडी आडव्या किंवा व्ही आकाराच्या पट्टीवर उंच चिनीमातीचे पिन आणि फक्त तीन तारा दिसल्या तर ती ११ किंवा ३३ केव्हीची उच्चदाब. नाशिकमध्ये एकाच खांबावर वर उच्चदाब आणि खाली लघुदाब अशी जोडी पुष्कळ ठिकाणी आहे, म्हणून खालची वाहिनी बंद झाली म्हणजे वरची बंद झाली असं धरू नका. खांबावरून घरात येणारी काळी सर्व्हिस वायर आवरणाची असते, पण ऊन खाऊन आणि फांदीला घासून ते आवरण फाटतं. तिलाही उघड्या तारेइतकाच मान द्या. एकलहऱ्याकडून येणारे उंच जाळीचे मनोरे महापारेषणचे, तिथली परवानगी आणि माणसं दोन्ही वेगळी.

आता अंतर. झाड आणि तार यांच्यात ११ केव्हीसाठी किमान २.६ मीटर, ३३ केव्हीसाठी २.८, १३२ केव्हीसाठी ४ आणि २२० केव्हीसाठी ४.६ मीटर मोकळी जागा ठेवतात. मनोऱ्यांच्या वाहिन्यांखाली तर संपूर्ण पट्टाच मोकळा लागतो: १३२ केव्हीला २७ मीटर रुंद, २२० केव्हीला ३५ मीटर. जमिनीवरून अंदाज घ्यायला खांबाची मदत होते. लघुदाबाचा नेहमीचा सिमेंटचा खांब ८ मीटरचा असेल तर त्यातला दीडेक मीटर जमिनीत असतो, म्हणजे दिसतो तो साडेसहाच्या आसपास. त्या मापाने फांदी मोजा.

पाहणी मे महिन्यात भर दुपारी करा. उन्हाने अ‍ॅल्युमिनियम पसरतं आणि दोन खांबांमधली तार जास्त झोल खाते. डिसेंबरच्या थंडीत सुरक्षित वाटलेली फांदी मे महिन्यात तारेशेजारी असू शकते. वाऱ्यात तार आणि फांदी दोन्ही हलतात, हेही धरून चाला. हिवाळ्यात पाहत असाल तर अर्धा-पाऊण मीटर जादा सोडा.

टोकाची पानं तांबूस करपलेली, रात्री पावसात फांदीपाशी ठिणग्या, जवळ गेल्यावर गुणगुण किंवा चरचर: यातलं काहीही दिसलं की पाहणी तिथेच थांबवा. ती फांदी आत्ताच वीज घेते आहे. महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर फोन करा, खांबावर रंगवलेला क्रमांक आणि जवळच्या डीपीचं (रोहित्राचं) नाव सांगा, आणि माणूस येईपर्यंत त्या बुंध्याजवळ कुणाला, गुराढोरांनाही, जाऊ देऊ नका.

मग झाड

सगळ्या झाडांना एकच उपाय लावणं हा आपल्याकडचा मोठा दोष आहे. म्हणून झाडाचं नाव आणि स्वभाव आधी वहीत लिहा.

गुलमोहर आणि पेल्टोफोरम ही आपल्या रस्त्यांवरची नेहमीची झाडं. भराभर वाढतात, लाकूड ठिसूळ. त्यांच्या लांब आडव्या फांद्या टोकाला जड होतात आणि जोरदार वळवात सांध्यातून सुटतात. इथे काम फांदी हलकी करण्याचं आहे, झाड बुटकं करण्याचं नाही. रेनट्रीची छत्री इतकी पसरते की रस्त्याच्या एका कडेला लावलेलं झाड समोरच्या तारेपर्यंत पोचतं, पण त्या छत्रीत पावसाळ्यात बगळ्यांची वसाहत असू शकते, म्हणून त्याची वेळ सांभाळावी लागते. उंच अशोक सोसायट्यांनी कुंपणालगत रांगेने लावला आणि नेमक्या त्याच रेषेवरून तार गेली. त्याचा शेंडा उडवला की दरवर्षी उडवावा लागतो. तारेच्या अगदी खालचा अशोक परवानगी घेऊन कायमचा काढणं आणि बदल्यात योग्य झाड लावणं मला जास्त प्रामाणिक वाटतं.

नारळाला छाटणी लागूच होत नाही. त्याचा वाढीचा डोळा एकच, माथ्यावर. तो गेला की झाड गेलं. तारेकडच्या जुन्या झावळ्या आणि नारळ वेळेवर उतरवणं एवढंच करता येतं, आणि माथाच तारेत शिरणार असेल तर तार हलवणं किंवा झाड काढणं यांतून निवड करावी लागते.

वड, पिंपळ आणि उंबर यांचा विचार वेगळा. ही झाडं दीर्घायुषी आणि छाटणी सोसणारी आहेत, पण जुन्या वडाच्या पारंब्या तोडू नका. जमिनीत उतरलेली पारंबी आडव्या फांदीचा खांब असते, ती तोडली की फांदीचं सगळं ओझं बुंध्यावर येतं. २०२१ च्या दुरुस्तीनंतर राज्याच्या वृक्ष कायद्यात ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसावृक्षाचा दर्जा आहे. अशा झाडासाठी तार बदलण्याचा विचार पहिला व्हावा. उंटवाडीचा जुना वड २०२२ मध्ये उड्डाणपुलाच्या आड आला तेव्हा नाशिककर त्याच्यामागे उभे राहिले आणि वड वाचला. झाडासाठी पूल मागे हटू शकतो, तर दोन खांबांमधली तार नक्कीच बाजूला जाऊ शकते.

झाडाचं नाव लिहून झालं की मान खाली घाला. बुंध्याला लागून काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक आहेत का? गेल्या वर्षा-दोन वर्षांत पाइप, केबल किंवा रस्त्यासाठी शेजारून चर खणला होता का? चरात एका बाजूची मुळं तुटलेलं झाड वरून हिरवंगार दिसतं आणि जूनमध्ये मुळासकट आडवं होतं. बुंध्याजवळ नव्याने पडलेली भेग, एका बाजूने उचललेली माती, खोडावर अळंबीचे कप्पे ही धोक्याची लक्षणं. असं झाड तारेपासून दूर असलं तरी पडताना तारेवर येऊ शकतं, म्हणून त्याची उंची आणि तारेपर्यंतचं अंतर दोन्ही लिहा. काँक्रीटच्या बाबतीत राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीतल्या झाडांभोवती एक मीटर जागा मोकळी करायला सांगितलं होतं. तेवढी जागा आपल्या गल्लीतही मागा.

अर्ज दोन ठिकाणी

झाड तुमच्या कंपाउंडमध्ये असलं तरी ते तुमच्या मर्जीने कापता येत नाही. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ मध्ये झाड ‘तोडणे’ याच्या व्याख्येत जाळणं, कापणं आणि कोणत्याही प्रकारे इजा करणं हे सगळं येतं. म्हणून पहिला अर्ज नाशिक महानगरपालिकेच्या उद्यान विभागाकडे, तुमच्या विभागीय कार्यालयात द्या: नाशिक पूर्व, पश्चिम, पंचवटी, सातपूर, नवीन नाशिक किंवा नाशिकरोड. दुसरा महावितरणच्या तुमच्या भागातल्या कक्ष कार्यालयात, सहायक अभियंत्यांच्या नावे. वीजबिलावर तुमच्या उपविभागाचं नाव असतंच.

दोन्ही अर्जांत मजकूर एकच ठेवा आणि प्रत्येकाची प्रत दुसऱ्याला जोडा. नाहीतर उद्यान विभाग महावितरणकडे आणि महावितरण उद्यान विभागाकडे बोट दाखवतं आणि तेवढ्यात मृग लागतो. अर्जात झाडाचं नाव, अंदाजे वय, बुंध्याचा घेर, खांबाचा क्रमांक, तारेचा प्रकार आणि दोन बाजूंनी काढलेले फोटो असू द्या. फोटोवर काढायच्या फांद्या लाल रेघेने दाखवा. ‘झाडाचा त्रास होतो, योग्य ती कार्यवाही करावी’ एवढंच लिहिलं तर योग्य काय ते कोयतावाला ठरवतो. ‘फांदी क्रमांक १ व २ उगमापासून काढाव्यात, शेंडा कापू नये’ असं स्पष्ट लिहा.

कायद्याची दुसरी बाजूही माहीत असू द्या. वीज कायदा, २००३ च्या कलम ६८ प्रमाणे तारेला अडथळा करणारं झाड काढण्याचा आदेश महावितरणच्या अर्जावरून कार्यकारी दंडाधिकारी किंवा शासनाने नेमलेला अधिकारी देऊ शकतो. त्याच कलमात पुढे असंही आहे की झाड आधीचं आणि तार नंतरची असेल, तर झाडाच्या मालकाला वाजवी भरपाई द्यावी लागते. म्हणून जुने फोटो, घराचा जुना नकाशा जपून ठेवा. पालिका हद्दीबाहेर, गिरणारेसारख्या गावात, १९६४ चा वृक्षतोड विनियमन कायदा लागतो, आणि त्याच्या अनुसूचीत आंबा, चिंच, जांभूळ, साग ही झाडं आहेत.

अर्जाची वेळ दिवाळीनंतरची. प्रक्रियेला दोन महिने गेले तरी जानेवारी-फेब्रुवारीत काम होतं. त्या वेळी पानगळीची झाडं बरीच मोकळी झालेली असतात, फांद्यांचा सांगाडा नीट दिसतो आणि वसंतातल्या वाढीबरोबर घाव लवकर बांधला जातो. एप्रिल ते जून हा कावळ्यांच्या घरट्यांचा काळ. तेव्हा छाटणी करावीच लागली तर आधी दुर्बिणीने झाड पाहा. पिल्लं असतील आणि फांदी तारेपासून पुरेशी लांब असेल तर तीन आठवडे थांबायला काहीच हरकत नाही.

कामाच्या दिवशी

लाइनमन आले की त्यांना पाणी विचारा आणि शांतपणे दोन प्रश्न विचारा: परमिट कुणाच्या नावावर आहे, आणि दोन्ही बाजूंना अर्थिंग केलं का?

उच्चदाब वाहिनीवर काम करायचं तर उपकेंद्रातला ऑपरेटर त्या फीडरचा ब्रेकर बंद करतो, स्विच उघडतो आणि काम करणाऱ्या जबाबदार माणसाच्या नावाने लेखी परमिट देतो. ते परमिट परत येईपर्यंत फीडर चालू होत नाही. जागेवर तार मृत असल्याची खात्री यंत्राने करायची आणि कामाच्या दोन्ही अंगांना डिस्चार्ज रॉड लावून तारा जमिनीशी जोडायच्या. हे दोन्हीकडे का, तर वीज उलट दिशेनेही येऊ शकते. एखाद्या सोसायटीने चेंजओव्हर स्विच न बसवता जनरेटर जोडला असेल, तर वीज गेल्यावर तो सुरू होतो, त्याची वीज डीपीतून उलटी चढून ११ केव्ही होते आणि मेलेली तार जिवंत होते. या कारणाने आपल्या राज्यात वायरमननी जीव गमावले आहेत. काम होईपर्यंत सोसायटीचा जनरेटर बंद ठेवा, शेजारच्यांनाही सांगा.

हेल्मेट, सेफ्टी बेल्ट, रबरी हातमोजे नसतील तर काम सुरू करू देऊ नका. घाई त्यांच्यावर वरून असते. तुमच्या एका शब्दाने त्यांना थांबायचा हक्क मिळतो. खाली दोरी लावून रस्ता अडवा, वाहनं हलवा, एक माणूस फक्त वर पाहायला ठेवा. पाऊस किंवा गडगडाट सुरू झाला की काम बंद.

घाव कुठे घालायचा

उद्यान विभागाचे कर्मचारी असोत की ठेकेदाराची माणसं, त्यांना कापायची जागा दाखवणारं कुणीतरी खाली हवं. नाशिक जिल्ह्याला छाटणी नवी नाही. निफाड-दिंडोरीचा द्राक्ष बागायतदार एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी काडीवरचा डोळा मोजून करतो, सिकेटर कुठे लावायचं ते त्याला नेमकं ठाऊक असतं. तीच नजर रस्त्यावरच्या झाडाला मिळायला हवी.

तारेकडे निघालेली फांदी तिच्या उगमापर्यंत, किंवा तारेपासून दूर वळलेल्या एखाद्या उपफांदीपर्यंत मागे न्यायची. ही उपफांदी कापलेल्या फांदीच्या किमान एक तृतीयांश जाडीची हवी. ती असली की रस तिच्याकडे वळतो, झाडाची वाढ तारेपासून दूर जाते आणि ठोंबावर फोकांचा झुबका येत नाही. अशा छाटणीनंतर झाडात तारेसाठी बोगद्यासारखी मोकळी जागा तयार होते. दिसायला ते विचित्र दिसतं, लोक नाकं मुरडतात. पण झाडाचा शेंडा शाबूत राहतो, आणि ते महत्त्वाचं.

जाड फांदी तीन घावांत उतरवावी. पहिला घाव खालून, खोडापासून हातभर अंतरावर, फांदीच्या एक तृतीयांश जाडीइतका. दुसरा वरून, त्याच्या थोडा बाहेर. फांदी सुटते, आणि खालचा घाव असल्याने खोडाची साल ओरबाडली जात नाही. फांदी आधी दोराने बांधलेली असावी, म्हणजे ती तारेवर न पडता झोका घेऊन खाली येते. तिसरा घाव उरलेल्या ठोंबाचा. खोडाला फांदी जिथे मिळते तिथे सुरकुतलेली, फुगीर कड असते. घाव तिच्या लगेच बाहेर घ्यायचा, कड कापायची नाही आणि खुंटीही ठेवायची नाही. अमेरिकेच्या वनखात्यातले अ‍ॅलेक्स शिगो यांनी हजारो झाडं उभी चिरून दाखवलं की झाड जखम भरून काढत नाही, कुजणारा भाग आतून बंदिस्त करतं. ही बंदिस्ती त्या कडेतून सुरू होते. म्हणून कड वाचवणं हेच खरं औषध. आपल्याकडे घावावर बोर्डो पेस्ट लावतात: १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी, धातूच्या नाही तर प्लॅस्टिकच्या भांड्यात. मोठ्या घावावर पावसाच्या तोंडावर ती लावायला माझी हरकत नाही, पण चुकीच्या घावाला ती वाचवत नाही. डांबर आणि ऑइलपेंट मात्र लावू देऊ नका.

एका हंगामात एक चतुर्थांशाहून जास्त पालवी काढू नये. एवढ्यात तारेचं अंतर मिळत नसेल तर काम दोन वर्षांत वाटून घ्या. एकाच बाजूच्या फांद्या गेल्या की झाडाचा तोल जातो, तेव्हा विरुद्ध बाजूच्या लांब फांद्यांची टोकंही थोडी हलकी करा. काम संपलं की माणसं मोजा, रॉड निघाले का पाहा, मग परमिट परत. पाला-फांद्या कोण उचलणार हे सकाळीच ठरवा, नाहीतर ते ढीग पावसाळ्यापर्यंत गटाराच्या तोंडावर राहतात.

तार तुटून पडली तर

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि त्याचा वारा-पाऊस नाशिकपर्यंत पोचला. समुद्रापासून लांब आहोत म्हणून आपण सुटत नाही. पडलेली तार जिवंतच समजा, दिवे गेलेले असले तरी. किमान दहा मीटर लांब राहा, ओली जमीन असेल तर आणखी. पायाखाली झिणझिण्या आल्या तर मोठी पावलं टाकू नका, कारण दोन पावलांमध्ये विजेचा दाब वेगळा असतो. दोन्ही पाय जुळवून, जमिनीवरून न उचलता, घासत मागे या. तार गाडीवर पडली असेल तर आतल्यांनी आतच बसावं. तारेखालच्या माणसाला ओढायला धावू नका, आधी १९१२ आणि मग अग्निशमन दलाचा १०१. फांदी काठीने बाजूला करण्याचा मोह टाळा, ओलं लाकूड वीज नेतं.

तारच हलवायची असेल तर

मोठ्या झाडासाठी उपाय तीन: उघड्या तारांच्या जागी आवरणाची, पीळ घातलेली एरियल बंच केबल, खांब उंच करणं किंवा सरकवणं, आणि भूमिगत केबल. पहिला सर्वांत स्वस्त आणि लघुदाबासाठी बहुतेक वेळा पुरेसा. महावितरणच्या खर्चाने होत नसेल तर १.३ टक्के देखरेख शुल्क भरून, परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून स्वखर्चाने काम करून घेण्याची सोय आहे. दहा-बारा घरांनी वाटून घेतलं तर हा मार्ग झेपतो. नगरसेवकाच्या निधीची मागणीही याच कामासाठी करावी, नव्या पेव्हर ब्लॉकसाठी नाही. भूमिगत केबल घेताना चराचा मार्ग बुंध्यापासून लांब आखून घ्या, नाहीतर वरचा धोका टळून मुळं जातात.

नवीन झाड

काढलेल्या झाडाच्या बदल्यात लावायचं झाड पुन्हा तारेखाली गुलमोहराचं नको. ऐन तारेखाली चार-पाच मीटरच्या आत राहणारी झाडं लावा: पारिजातक, तगर, कण्हेर, डाळिंब, कडीपत्ता, सीताफळ, लिंबू. तारेपासून पाच-सहा मीटर बाजूला बहावा, तामण, कांचन, बकुळ. वड, पिंपळ, कडुनिंब, जांभूळ, आंबा यांना दहा-बारा मीटर तरी लांब आणि मोकळं मैदान द्या. फाशीच्या डोंगरावर स्वयंसेवकांनी देवराई उभी केली आहे, मोठ्या झाडांची हौस तशा जागी फेडता येते.

खड्डा मे महिन्यात तीन फूट लांब-रुंद-खोल खणून उन्हात तापू द्या, मृगाचे दोन पाऊस झाले की रोप लावा. बांबूची काठी, जाळी आणि बुंध्याभोवती मीटरभर आळं करा. पहिल्या तीन वर्षांत दर जानेवारीत रोपाला एकच मुख्य शेंडा ठेवा आणि तारेकडे निघालेली कोवळी फांदी बोटाएवढी असतानाच सिकेटरने उगमाशी काढा. ही छाटणी जमिनीवर उभं राहून होते. आणि लावायच्या दिवशीच ठरवून, लिहून ठेवा की फेब्रुवारी ते मे आठवड्यातून दोनदा बादलीभर पाणी कोण घालणार.